हळद कुणासाठी?

मे महिन्यात मामांकडे गेलो होतो. सांगली जिल्ह्यात, विट्याच्या बाजूला त्यांची पाच हजार पक्ष्यांची ब्रॉयलर शेड आहे. दारातच फीडच्या गोण्यांची थप्पी, आणि त्यावर सुतळीनं तोंड बांधलेली एक लहान पांढरी पिशवी होती. मी ती सोडून वास घेतला. ओवा, लसूण, हळद आणि मागून मिऱ्याचा झटका. मामीच्या मसाल्याच्या डब्यात नाक घातल्यासारखं वाटलं, फक्त भोवती अमोनियाचा तो डोळ्यात जाणारा वास होता.

“सुपरवायझर देऊन गेलाय,” मामा म्हणाले. “अँटिबायोटिक बंद केलंय कंपनीनं. आता हे फीडमधनं द्यायचं.”

“मग बरंच झालं की.”

“बरं झालं खरं. पर कुणासाठी?”

हा टोमणा नव्हता. मामांना खरंच विचारायचं होतं. उत्तराची वाट न बघता ते पडदे वर करायला गेले, कारण ऊन चढत होतं आणि कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, तेवढाच तिचा कूलिंगचा उपाय. मी पिशवी परत बांधली. प्रश्न मात्र तेव्हापासून सुटा आहे.

आधी मामांच्या शेडमधले पक्षी कुणाचे, ते सांगतो. मामांचे नाहीत. करार पद्धतीत एक दिवसाचं पिल्लू कंपनी देते, फीड कंपनी देते, औषध कंपनी देते. शेड, पाणी, लाईट, भाताचं तूस आणि रात्रीची झोपमोड शेतकऱ्याची. पाच-सहा आठवड्यांनी कंपनीची गाडी येते, पक्षी उचलते, आणि वजनावर मामांना पैसे मिळतात. किती मिळतात ते एका आकड्यावर बरंच अवलंबून असतं, तो म्हणजे एफसीआर. एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं, एवढंच तो सांगतो. सोळाशे ग्रॅम लागलं तर एफसीआर १.६. तो जितका खाली, तितके मामा खूश. पिशवीतली हळदही त्या आकड्याच्याच सेवेला आली आहे.

ती का आली, याची गोष्ट हळदीपासून लांब सुरू होते. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड हे दोघे कोंबड्यांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवताना उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना खाऊ घातला. पिल्लं वाढली, पण बी-१२च्या हिशोबात बसेल त्यापेक्षा जास्त वाढली. चोथ्यात उरलेलं अँटिबायोटिकच वाढ देत होतं. हे १९५० साली जाहीर झालं आणि मग जगभर निरोगी पक्ष्यांना रोज चिमूटभर अँटिबायोटिक चारायची पद्धत पडली. तोवर औषध आजारी जिवाचं होतं. आता ते खाद्याचा भाग झालं.

याची किंमत माणसांच्या दवाखान्यांत दिसायला लागली. रोज थोडं थोडं औषध मिळालं की जे जंतू त्याला पुरून उरतात तेच वाढत जातात. स्वीडननं १९८६ साली वाढीसाठीची अँटिबायोटिक्स बंद केली, युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून. आपल्याकडे सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं २०१४ साली दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, तर ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश निघाले. पुढच्याच वर्षी चीनमध्ये डुकरांमध्ये, मांसात आणि माणसांतही कोलिस्टिनला दाद न देणारं जनुक सापडलं. कोलिस्टिन म्हणजे आयसीयूत बाकी सगळं हरल्यावर काढायचं औषध, आणि ते गुराढोरांच्या, कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं. भारतानं जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्यावर बंदी घातली.

मग त्या रिकाम्या जागी काय घालायचं? वनस्पती. ओव्यातला थायमॉल, ओरेगॅनोतला कार्व्हाक्रॉल, लसूण ठेचल्यावर तयार होणारं ॲलिसिन, हळदीतलं कर्क्युमिन. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल जंतूच्या पेशीच्या पडद्यात घुसून त्याला गळकं करतात. मसाल्यांनी पाचकरस जास्त सुटतात. यकृतासाठी भुईआवळा, कुटकी, उन्हाळ्यात आवळा. हे थोतांड नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘हर्बल’ शब्द ऐकला की माझ्यासारख्या इंजिनिअरच्या भुवया आपोआप वर जातात. रसायनं खरी आहेत, काम करतात. अडचण वेगळी आहे. एकाच वनस्पतीत मातीनुसार, हंगामानुसार, तेल काढायच्या पद्धतीनुसार त्यांचं प्रमाण बदलतं, त्यामुळे एका बॅचला दिसलेला गुण दुसरीला दिसेलच असं नाही.

आणखी एक गंमत आहे, आणि मला ती गंमत वाटेनाशी झाली आहे. अँटिबायोटिकनं वाढ होते हे पाहिल्यावर लोकांच्या लवकरच लक्षात आलं की स्वच्छ, नव्या शेडमध्ये हा फायदा फारसा दिसत नाही. घाण, गर्दी, जुनं लिटर असेल तिथे मात्र तो ठळक दिसतो. वनस्पतींची गोष्टही याच वळणानं जाते, आणि ते साहजिक आहे. पक्ष्याला झगडायला काही नसेल तर मदत कशात करणार? म्हणजे हळदीचा गुण जितका मोठा, तितकं त्या शेडमध्ये पक्ष्याला सोसावं लागत होतं, असंही ते मोजमाप वाचता येतं.

गेल्या वर्षी मी मामांसाठी एक छोटं ॲप बनवलं. रोजची मर, फीडच्या गोण्या, आठवड्याचं सरासरी वजन एवढं भरायचं, बाकी ग्राफ आपोआप. त्यात मी एक टॅब केला, नाव दिलं ‘आरोग्य’. टॅबखाली तीन गोष्टी: मर, वजन, एफसीआर. मामांना पटलं, सुपरवायझरनं फोटो काढून नेला. मलाही काही खटकलं नाही. जो मरत नाही, वजन घेतो आणि कमी खातो, तो निरोगी.

हीच व्याख्या माणसाला लावून बघा. ऑफिसातला एखादा मरत नाहीये, वेळेत काम देतोय आणि पगार कमी घेतोय, एवढ्यावर त्याची तब्येत उत्तम असं म्हटलं तर एचआरसुद्धा हसेल.

आपल्या भाषेत निरोगी माणसाला ‘स्वस्थ’ म्हणतात. स्वतःत स्थित असलेला. शब्द जुना आहे, सुश्रुतसंहितेतही स्वस्थ कोण याची व्याख्या येते. मला त्यातल्या ‘स्व’शी अडल्यासारखं होतं. ब्रॉयलरचा ‘स्व’ कुठला? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतले पक्षी एकत्र वाढवले, तिघांना एकच खाद्य दिलं. ५६व्या दिवशी १९५७चा पक्षी ९०५ ग्रॅमचा होता, १९७८चा १,८०८, आणि २००५चा ४,२०२ ग्रॅमचा. खाद्य तेच, दिवस तेवढेच. चौपट-साडेचौपट फरक फक्त निवड करत करत घडवलेल्या शरीराचा. हृदय आणि फुप्फुसं त्या वेगाला कधीकधी पुरत नाहीत, मग पोटात पाणी भरतं. पाय छातीचं वजन पेलत नाहीत. यकृतावर ताण येतो म्हणून भुईआवळा. या पक्ष्याला ‘स्वतःत स्थित’ करायचं म्हणजे कुठे नेऊन ठेवायचं? त्याचं दुखणं बाहेरून आलेलं नाही. बरंचसं दुखणं म्हणजेच तो आहे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार नवीन नाही. डिझाईनच चुकलेलं असतं, पण ते बदलायला वेळ नसतो, म्हणून वरून पॅच मारायचा. पॅच चालतो. मग पुढच्या रिलीजला कुणाला आठवतही नाही की मुळात काय चुकलं होतं.

इथे आजीची आठवण येणं अटळ आहे. मामांच्याच घरी, आता शेड आहे त्या जागी तेव्हा खुराडं होतं. दहा-बारा गावरान कोंबड्या. एखादी पंख फुगवून कोपऱ्यात बसली की आजी तिला उचलून मांडीवर घ्यायची, पिठाच्या गोळीत लसूण-हळद घालून चोचीत कोंबायची. सुपरवायझरच्या पिशवीत आहे जवळपास तेच. पण आजीला मी उगाच देवपणा देणार नाही. तीच कोंबडी जावई आला की रश्श्यात जायची. पिल्लं घार न्यायची, मुंगूस न्यायचं. एका साली मानमोडी आली तेव्हा चार दिवसांत खुराडं रिकामं झालं, आणि लसणानं काही अडलं नाही. मरणाचा हिशोब मांडला तर मामांची शेड आजीच्या खुराड्यापेक्षा सरस निघेल.

तरी एक फरक आहे. आजी एका कोंबडीकडे बघायची आणि मग लसूण द्यायची. ती कोंबडी बरी झाली तर परत उकिरडा उकरायला, धुळीत लोळायला, संध्याकाळी शेवग्यावर चढून बसायला जायची. बरं होणं म्हणजे काय, हे कोंबडीकडे बघूनच कळत होतं. मामा पाच हजारांना पहिल्या दिवसापासून देतात, कुणाकडे न बघता, आणि बरं झालं की नाही ते ग्राफ सांगतो. यात मामांचा दोष नाही. पाच हजारांकडे बघणार कसं?

हे सगळं मी माझ्या एका सहकाऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, “पण जुलाब थांबतात ना? मग तुझा प्रॉब्लेम काय आहे?” हा मुद्दा मी हलका करणार नाही. जुलाब थांबतात तेव्हा लिटर कोरडं राहतं. लिटर कोरडं राहिलं की तळपाय कमी भाजतात, अमोनिया कमी होतो, डोळे कमी झोंबतात. त्या पक्ष्यासाठी हे चांगलंच आहे, देणाऱ्याचा हेतू काहीही असो. ज्याला तहान लागली त्याला पाणी कुठल्या हिशोबानं मिळालं याच्याशी काय करायचंय?

मला अडचण वाटते ती पुढच्या पायरीची. आमच्याकडे सर्व्हर जरा हलका केला की महिन्याभरात त्यावर नवीन लोड येऊन बसतो. मोकळी झालेली जागा कधी मोकळी राहत नाही. १९५० नंतर कोंबडीचंही तेच झालं. औषधानं सहनशक्ती वाढवली आणि ती वाढलेली सहनशक्ती गर्दीत, वेगात खर्च झाली. हळदीनं मिळालेली उसंत पक्ष्याच्या वाट्याला राहील, अशी कुठलीच व्यवस्था नाही. चौरस फुटात आणखी थोडं वजन बसतं एवढंच कळेल आणि तसं ते बसवलं जाईल. जोवर पक्ष्याचं हित आणि बॅचचा नफा एकाच दिशेला चालतात तोवर आपण दोन्हींना मिळून काळजी म्हणतो. ते फुटतात तिथे काय होतं, ते बघायला हवं.

आणि मी? पुण्यात मी डिलिव्हरी ॲपवरून चिकन मागवतो. पाकिटावर हिरवं पान, खाली ‘अँटिबायोटिक-मुक्त, हर्बल खाद्यावर वाढवलेलं’. साध्या पाकिटापेक्षा महाग. मी ते घेतो, आणि घेताना बरं वाटतं. मामांचा प्रश्न ऐकल्यावर लक्षात आलं की जास्तीच्या पैशांत मी पक्ष्यासाठी काही विकत घेतलेलंच नव्हतं. माझ्या पोटात औषधाचे अंश जाऊ नयेत, हे चांगलं. उद्या माझ्या घरच्या कुणाला आयसीयूत कोलिस्टिन लागलं तर ते लागू पडावं, हेही चांगलंच, आणि तेवढ्यासाठी ही बंदी योग्यच आहे. पण ही दोन्ही हितं माझी आहेत. हिरवं पान बघून मी त्यांत तिसरं जोडलं होतं, कोंबडीचं, आणि तिला विचारलं नव्हतं.

कोंबडीला विचारायचं कसं, असं कुणी म्हणेल. आपल्या जिभेवरून तिच्याबद्दल अंदाज बांधणं तर फारच धोक्याचं. मिरचीचंच बघा. काही फीडमध्ये मिरचीचा अर्क घालतात, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कोंबडीची कीव आली होती. पण पक्ष्यांना मिरची तिखट लागत नाही. आपल्याला जिथे जाळ लागतो तो ग्राहक त्यांच्यात असतो, पण मिरचीच्या कॅप्सेसिनला तो दाद देत नाही. रानातली मिरची म्हणूनच पक्षी मजेत खातात आणि बिया लांबवर नेतात. माझी कीव सगळी माझ्याच जिभेची होती.

पण विचारता येतं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लंगड्या आणि धडधाकट ब्रॉयलरपुढे दोन वेगळ्या रंगांचं खाद्य ठेवलं. एकात कारप्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेलं, दुसऱ्यात नाही. लंगड्या पक्ष्यांनी औषधाचं खाद्य धडधाकटांपेक्षा जास्त निवडलं. आणि लंगडेपणा जितका जास्त, तितका त्यांच्या खाण्यात औषधाच्या खाद्याचा वाटा जास्त.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पाच-सहा आठवड्यांच्या आयुष्यात त्या पक्ष्याला कळलं होतं की कुठल्या रंगाचं खाल्लं की पाय कमी दुखतात. आणि असे पाय अपवाद नाहीत. ब्रिटनमध्येच २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५१ हजार पक्ष्यांची चाल तपासली होती, सरासरी वय ४० दिवस. २७.६ टक्के पक्ष्यांना नीट चालता येत नव्हतं. ३.३ टक्के जवळजवळ चालूच शकत नव्हते.

म्हणून मला वाटतं की आजीच्या कोंबडीला मुंगसानं नेलं आणि ब्रॉयलरचे पाय मोडले, या दोन दुःखांत नैतिकदृष्ट्या फरक आहे, दुःख तेवढंच असलं तरी. मुंगूस कुणी ठरवून पाठवलं नव्हतं. ते पाय ठरवलेले आहेत. कुणीतरी पिढ्यान् पिढ्या पक्षी निवडले, छाती मोजली, चाल मोजली नाही किंवा खूप उशिरा मोजली. ज्या शरीराचा आराखडा आपण केला, त्याच्या दुखण्याला आपण जास्त बांधील आहोत. भुईआवळा देऊन ती बांधिलकी फिटत नाही, जरी भुईआवळा द्यायलाच हवा.

पुढे काय, इथे माझी अक्कल तोकडी पडते. युरोपात हळू वाढणाऱ्या जाती आणि चौरस मीटरला ३० किलोपेक्षा जास्त वजन नको अशी मागणी जोर धरतेय. हळू वाढणारा पक्षी जास्त दिवस खातो, म्हणजे जास्त मका, जास्त सोयापेंड, जास्त जमीन, जास्त भाव. चिकन हे आज पुष्कळ घरांतलं परवडणारं मांस आहे, आणि ज्या घरात रविवारी अर्धा किलो येतं त्यांना मी कोथरूडच्या फ्लॅटमधून ‘महाग खा’ असं कुठल्या तोंडानं सांगू? मामांना तर जात निवडायचीच सोय नाही. जे पिल्लू ट्रकमधून उतरतं ते त्यांचं. मी चिकन सोडलंय का? नाही. कमी केलंय, आणि हे वाक्य लिहिताना मला फारसा अभिमान वाटत नाहीये.

एक मात्र केलं. ॲपमधल्या त्या टॅबचं नाव ‘आरोग्य’वरून ‘उत्पादन’ केलं. आणि नवा रकाना टाकला: ‘चाल’. ब्रिस्टलच्या संशोधकांची पक्ष्याची चाल मोजायची पट्टी आहे, शून्य ते पाच. शून्य म्हणजे ठणठणीत, पाच म्हणजे चालता न येणारा. मामांना तेवढं किचकट नको म्हणून साधं ठेवलं, आज किती पक्षी पायावर बसले. फोनवर सांगितलं तर मामा म्हणाले, “ह्येचे पैशे कोण देणार?” कुणी नाही, मी म्हणालो. सुपरवायझरनंही विचारलं म्हणे, हे कशाला.

पहिल्या बॅचला रकाना रिकामाच राहिला. दुसऱ्या बॅचला अधूनमधून आकडे दिसायला लागले. पक्षी वाढतील तशी पाण्याची भांडी वर ओढतात, पाठीच्या उंचीला येतील अशी, नाहीतर पाणी सांडून लिटर ओलं होतं. पायावर बसलेल्याची चोच तिथवर पोचत नाही. हे मला माहीत होतं, पण कधी डोक्यात आलं नव्हतं.

गेल्या बॅचला ३३व्या दिवशी चालीच्या रकान्यात १४ होते. खाली शेऱ्याच्या जागेत, जिथे मामा कधीच काही लिहीत नाहीत, तिथे लिहिलं होतं: ‘कोपऱ्यात घेतले. ताटलीत पाणी ठेवलं.’